खूण

नारळ पुरायचं काम या शिमग्याला माझ्याकडे आलं.
मानकरी म्हणाले, तुझा विश्वास नाही,
म्हणजे तू पोटात ठेवशील.
हा हिशोब मला खोडता आला नाही.

पहाटे तीनला सहाणेमागच्या खळ्यात गेलो.
चांदणं होतं, बॅटरी लागली नाही.
पारईने हातभर खणलं, नारळ ठेवला, शेंडी वर.
माती सारखी केली, वर काजूची वाळकी पानं पसरली,
आणि बघत बसलेल्या कुत्र्याला म्हटलं, घरी जा.
खाडीला ओहोटी लागली होती.
डिझेलचा वास येत होता,
म्हणजे माझाच.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
जोर कुठून निघतो, कुठे पोचतो,
मध्ये कुठे वाया जातो, हे मला हाताला कळतं.
चौदा वर्षं देवळाची पायरी चढलो नाही.
वर्गणी बायको देते, पावतीवर नाव माझं.
कारण मोठं नाही. कुणी बुडालं नव्हतं.
एक दिवस हात जोडले
आणि हातांमध्ये फक्त हात होते.

दुपारी चारला पालखी खळ्यात आली.
चिंचेने घासलेली रूपं, देवीच्या नाकात मोत्याची नथ.
मागच्या दांड्याखालचा ठाण्याचा पोरगा धापायला लागला,
तेव्हा कुणीतरी ओरडलं, सुहास्या, शिर खाली.
शिरलो.
ओझं ते ओझं, त्याला काय नाही म्हणायचं.

पालखी विहिरीकडे गेली, परत आली.
भाटकरांच्या गोठ्याकडे गेली, परत आली.
तिसऱ्या फेरीत खूण निघाली नाही
तर वर्ष वाईट जातं असं म्हणतात.
कोण म्हणतं ते विचारू नये.

मी ठरवलं होतं, ओंडक्यासारखं राहायचं.
देवी शोधते ना, शोधू दे.
पण नारळ बारा पावलांवर राहिला
आणि पालखी पुन्हा विहिरीकडे कलायला लागली.
ढोलवाला चुकून थांबला.
समोर भिकीआत्या उभी, सून रत्नागिरीला दवाखान्यात,
ओंजळीतून तांदूळ सांडतायत आणि तिला पत्ता नाही.

मी उजवा खांदा दिला.
किती दिला? फार तर दीड किलो.
गंजला नट सैल करायला लागतो तेवढाही नाही.
पालखी वळली.
पाणी लागलेल्या होडीसारखी, अलगद.
इतकं ओझं दीड किलोत वळत नाही.
हे मला हाताला कळतं, म्हटलं ना.

दांडा थबकला, पुढून वाकला. पारई आली.
नारळ निघाला मातीने माखून, शेंडी वर.
भिकीआत्या मटकन खाली बसली
आणि बोळकं उघडून हसली,
सांडलेले तांदूळ वेचत.

नंतर नळावर पाय धुताना
दत्ता डोर्लेकर माझ्याकडे न बघता म्हणाला,
तू पन?
मी म्हटलं, काय मी पण?
काय नाय, म्हणाला, आणि साबण पुढे केला.
पुढच्या दांड्याचे दोघे शेजारीच होते.
ते उगाच तोंड धूत राहिले,
बराच वेळ.

रात्री गाऱ्हाणं.
गुरवाने मुंबैवाल्यांना घेतलं, दर्यावरच्यांना घेतलं,
दहावीच्या पोरांना, भिकीआत्याच्या सुनेला,
आंब्याच्या मोहोराला,
प्रत्येकामागून सगळ्यांचं होय म्हाराजा.
मग तो जरा थांबला.
आनि बा देवा, जो कोन तुला मानीत नाय
त्याच्या हाताखालचं इंजान बी चालू ऱ्हाऊ दे.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
इतक्या माणसांनी एकदम न पाहणं
मी पहिल्यांदा पाहिलं.

होय म्हाराजा, मी म्हणालो,
सगळ्यांच्या जरा मागून,
गारठलेलं इंजिन दुसऱ्या झटक्याला पकडतं तसा.

सकाळी खड्डा बुजवायचं कामही माझ्याकडेच होतं.